सक्रिय दीर्घिका आणि रूपविकारी तारे: क्ष-किरण व अतिनील डेटातून खरा चढउतार कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ॲस्ट्रोसॅट आणि स्विफ्ट या उपग्रहांचा खुला डेटा वापरून सक्रिय दीर्घिका (केंद्रातल्या कृष्णविवरावर वायू पडत असलेल्या) आणि रूपविकारी (तेज बदलणारे) तारे यांची क्ष-किरण आणि अतिनील अशा दोन्ही प्रकाशांत पाहणी करायची आहे. नमुना कसा निवडायचा, मोजमाप कसं करायचं आणि फसगत कुठे होते?

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. प्रकाशवक्रात (वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखात) दिसणारा कोणताही चढउतार आधी उपकरणाचा, कक्षेचा किंवा पार्श्वभूमीचा समजायचा. या तिघांना एकेक करून बाजूला काढल्यावर जे उरेल तेवढंच तारा किंवा दीर्घिका यांच्या नावावर लिहायचं. या क्षेत्रात आज डेटा भरपूर आहे आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एका दुपारी प्रकाशवक्र काढता येतो. तो खरा आहे हे दाखवायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि प्रकल्पाची किंमत त्या आठवड्यांत आहे.

दोन प्रकाश का लागतात, ते आधी स्पष्ट असावं. सक्रिय दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती पडणाऱ्या वायूची चकती असते. कृष्णविवर सूर्याच्या काही कोटी पट वस्तुमानाचं असेल तर या चकतीच्या आतल्या भागाचं तापमान लाखभर केल्विनच्या घरात जातं आणि तिचा बराचसा प्रकाश अतिनीलमध्ये येतो. क्ष-किरण येतात ते चकतीच्या जवळच्या अतितप्त, विरळ इलेक्ट्रॉनांच्या ढगातून, म्हणजे करोनातून. चकतीचे अतिनील फोटॉन या इलेक्ट्रॉनांवर आपटून ऊर्जा मिळवतात आणि क्ष-किरण होऊन बाहेर पडतात. ताऱ्यांमध्ये प्रकार वेगवेगळे. लाल बटू (छोट्या, थंड) ताऱ्यांचे फ्लेअर (तेजाचे अचानक उसळणारे झोत) आणि आरएस कॅनम व्हेनॅटिकोरम जातीच्या जोडताऱ्यांचे करोना चुंबकीय ऊर्जेवर चालतात. श्वेतबटूवर (विझलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्यावर) शेजारच्या ताऱ्याचा वायू पडतो त्या जोडताऱ्यांत अतिनील चकतीतून येतो आणि क्ष-किरण श्वेतबटूच्या पृष्ठभागालगत तयार होतात. दोन्ही प्रकाश एकाच वेळी मोजले तरच यांतलं कोण कोणाला चालवतं हे विचारता येतं. मंगळवारचे क्ष-किरण आणि पुढच्या शनिवारचं अतिनील यांची सांगड घालून काढलेला निष्कर्ष फ्लेअर ताऱ्यासाठी निरर्थक असतो आणि दीर्घिकेसाठीही संशयास्पद.

हे एकाच वेळी साधावं म्हणूनच दोन्ही उपग्रहांवर दोन्ही प्रकारच्या दुर्बिणी आहेत. स्विफ्ट नोव्हेंबर २००४ मध्ये गेला. त्यावर ०.३ ते १० केईव्हीची (केईव्ही हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) क्ष-किरण दुर्बीण (एक्सआरटी) आणि ३० सेंटिमीटरची अतिनील-दृश्य दुर्बीण (यूव्हीओटी) आहे. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या, विषुववृत्ताशी फक्त ६ अंश कललेल्या कक्षेत गेला. त्यावरची सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोप (एसएक्सटी) आणि लॅक्सपीसी हे क्ष-किरण मोजणारे संच मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत तयार झाले. अतिनील दुर्बिणी (यूव्हीआयटी) भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली बनल्या, त्यात पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेचाही वाटा होता. ॲस्ट्रोसॅटचं वापरकर्ता मदत केंद्र आयुकातच आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने त्याचा उपयोग जरूर करून घ्यावा, कारण पहिल्या महिन्यात अडणाऱ्या बहुतेक गोष्टींची उत्तरं तिथे मिळतात.

आता कामाची वाटणी. नवीन किंवा मंद स्रोत शोधायचे असतील तर एसएक्सटी हाती घेऊ नका. तिच्या आरशांमुळे एका बिंदूचा प्रकाश इतका पसरतो की त्यातला बहुतांश गोळा करायला साधारण १५ कला त्रिज्येचं वर्तुळ घ्यावं लागतं. (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि विकला म्हणजे कलेचा साठावा.) म्हणजे ३० कला व्यासाचं वर्तुळ. एक्सआरटीचं संपूर्ण दृश्यक्षेत्रच २३.६ कला बाजूचं आहे! त्यामुळे एसएक्सटीच्या वर्तुळात शेजारचा दुसरा क्ष-किरण स्रोत शिरतोच असं समजून चाला आणि एक्सआरटीच्या किंवा एक्सएमएम या क्ष-किरण उपग्रहाच्या प्रतिमेवर ते वर्तुळ काढून आधी खात्री करा. एसएक्सटीचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे: माहितीतल्या, बऱ्यापैकी तेजस्वी स्रोताकडे दिवसभर किंवा अधिक काळ टक लावून पाहणं, आणि त्याच वेळी यूव्हीआयटीने दीड विकलेहून चांगल्या स्पष्टतेची अतिनील प्रतिमा घेणं. यूव्हीआयटीची ही स्पष्टता तारकागुच्छांत फार उपयोगी पडते. एनजीसी १८८ या जुन्या गुच्छातल्या एका निळ्या भटक्या ताऱ्याचा (गुच्छातल्या समवयस्कांपेक्षा जास्त निळ्या व तेजस्वी) तप्त सोबती २०१६ मध्ये याच दुर्बिणीच्या मोजमापातून सापडला.

म्हणून शोधासाठी स्विफ्ट, सखोल पाहण्यासाठी ॲस्ट्रोसॅट. पण स्विफ्टमध्येही एक खाच आहे. यूव्हीओटीचं क्षेत्र १७ कला बाजूचं, म्हणजे २८९ चौरस कला. एक्सआरटीचं जवळजवळ ५५७. एक्सआरटीने पाहिलेल्या आकाशापैकी निम्म्याला अतिनील मोजमापच नाही. सांख्यिकी मांडताना ‘अतिनीलमध्ये दिसला नाही’ आणि ‘अतिनीलमध्ये पाहिलाच नाही’ हे दोन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. नंतर ते वेगळे करणं जवळपास अशक्य होतं.

नमुन्यासाठी तयार याद्या आहेत. एक्सआरटीच्या २०१८ पर्यंतच्या निरीक्षणांतून काढलेल्या २एसएक्सपीएस यादीत दोन लाखांहून अधिक स्रोत आहेत. इरोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या आकाश-फेरीची यादी जानेवारी २०२४ मध्ये खुली झाली, तीत अर्ध्या आकाशातले सुमारे नऊ लाख स्रोत आहेत. अतिनीलसाठी गॅलेक्स या उपग्रहाची यादी अजूनही पाया म्हणून वापरतात, मात्र गॅलेक्सचा दूर-अतिनील शोधक २००९ मध्येच बंद पडला, त्यामुळे नंतरच्या निरीक्षणांत एकच पट्टा सापडतो.

याद्या जुळवताना बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. क्ष-किरण स्थानाभोवती ५ विकलांचं वर्तुळ काढायचं आणि आत पडलेला गाया उपग्रहाच्या यादीतला तारा ‘सापडला’ म्हणायचं, हे चालत नाही. हिशोब करून पाहा. ५ विकला त्रिज्येचं क्षेत्रफळ ०.०२२ चौरस कला. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, जिथे एका चौरस कलेत दोनच तारे आहेत, तिथे योगायोगाने तारा आत पडण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. पट्ट्यात, जिथे ती घनता ५० आहे, तिथे तीच शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. म्हणजे पट्ट्यातली जुळणी निव्वळ अंतरावर केली तर ती नाणेफेकीइतकीही भरवशाची नाही. अंतराबरोबर तेज आणि रंग यांनाही वजन देणारी संभाव्यतेची पद्धत वापरा. आणि संपूर्ण यादी एखाद्या कलेने सरकवून पुन्हा जुळवा. सरकवलेल्या यादीतही जितक्या जुळण्या मिळतील तितक्या तुमच्या मूळ यादीत खोट्या आहेत.

जवळच्या लाल बटूंसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. गाया डीआर३ मधली स्थानं २०१६ या वर्षाची आहेत. यूव्ही सेटीसारखा तारा वर्षाला तीन विकलांहून जास्त सरकतो. २००६ च्या स्विफ्ट प्रतिमेत तो अर्ध्या कलेहून दूर असेल, तुमच्या वर्तुळाबाहेर. निजगती (ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं) वापरून स्थान निरीक्षणाच्या तारखेला नेल्याशिवाय जुळवाजुळव सुरूच करू नका, नाहीतर नमुन्यातून नेमके जवळचे आणि सर्वांत मनोरंजक फ्लेअर तारे गळतात.

वर्गीकरणाला तीन साध्या चाळण्या पुरतात. गायाचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरल्यामुळे ताऱ्याच्या स्थानात दिसणारा फरक) ठळक असेल तर तो तारा. वाइज या अवरक्त उपग्रहाच्या ३.४ आणि ४.६ मायक्रॉनमधल्या प्रतींचा (प्रत हे तेजाचं माप, आकडा लहान तितका स्रोत तेजस्वी) फरक ०.८ हून जास्त असेल तर तेजस्वी सक्रिय दीर्घिकेची शक्यता दाट. मंद केंद्राच्या दीर्घिका या चाळणीतून निसटतात, कारण यजमान दीर्घिकेचे तारे रंग बदलून टाकतात. तिसरी चाळणी म्हणजे क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाचं गुणोत्तर. सक्रिय दीर्घिकांत ते एक दशांश ते दहा यांच्या दरम्यान असतं, करोनावर चालणाऱ्या ताऱ्यांत सहसा त्याखाली. ताऱ्याचे क्ष-किरण त्याच्या एकूण प्रकाशाच्या हजाराव्या भागापुढे, शांत स्थितीत, सहसा जात नाहीत. जास्त भरले तर एकतर तुम्ही फ्लेअर पकडला आहे, नाहीतर जुळणी चुकली आहे. ताम्रसृतीवरून (प्रकाशाच्या लाल बाजूला सरकण्यावरून) अंतर माहीत असेल आणि क्ष-किरण तेजस्विता सेकंदाला दहाचा ४२वा घात अर्गपेक्षा जास्त निघाली, तर तो प्रकाश साध्या तारानिर्मितीचा नसून कृष्णविवराचा आहे असं धरायला हरकत नाही.

आता मोजमाप. यूव्हीआयटीपासून सुरू करू, कारण तिचे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. तिचा शोधक फोटॉन एकेक मोजतो: ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलची चौकट सेकंदाला सुमारे २९ वेळा वाचली जाते आणि प्रत्येक ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्या अंशापर्यंत काढला जातो. उपग्रह थोडा हलत राहतो, म्हणून दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्यातल्या ताऱ्यांवरून ही हालचाल वजा करावी लागते. हालचालीची दुरुस्ती नीट झाली की नाही हे तपासायला प्रत्येक कक्षेची प्रतिमा वेगळी काढा आणि एखाद्या एकट्या ताऱ्याची रुंदी मोजा. एखाद्या कक्षेत तारा लांबट दिसला तर ती कक्षा टाका. सगळ्या कक्षा आधी एकत्र करून मग मोजणाऱ्यांना हा दोष दिसतच नाही. त्यांना फक्त तारा मंद झाल्यासारखा वाटतो.

दुसरा प्रश्न तेजस्वी स्रोतांचा. एका चौकटीत एकाच जागी दोन फोटॉन आले तर शोधक एकच मोजतो. समजा तुम्हाला सेकंदाला १० फोटॉन मोजलेले मिळाले. २८.७ ने भागलं की दर चौकटीला ०.३५. एकमधून ही संख्या वजा करून नैसर्गिक लॉगरिदम घ्या, चिन्ह उलटा आणि २८.७ ने गुणा: १२.३. आदर्श दुरुस्ती ही. प्रत्यक्षात ठिपक्याच्या पसाऱ्यामुळे ती थोडी कमी, १२ च्या आसपास येते. दुरुस्ती विसरलात तर पंचमांश प्रत इतका प्रकाश गेला. त्याहून वाईट म्हणजे स्रोत जितका तेजस्वी तितकी चूक मोठी, त्यामुळे खरे चढउतार दबून सपाट होतात. एफ१४८डब्ल्यू फिल्टरमध्ये १८.१ प्रतीचा स्रोत सेकंदाला एक फोटॉन देतो. १५ प्रतीहून तेजस्वी लक्ष्य असेल तर एफ१७२एम घ्या, त्यात मोजणी पाचपटीने घटते, किंवा शोधकाची छोटी खिडकी जलद वाचलेला डेटा शोधा.

मोजणीचं वर्तुळ ५ विकलांचं घेतलं तरी दहा टक्क्यांहून जास्त प्रकाश बाहेर सांडलेला असतो, म्हणून वर्तुळाची दुरुस्ती नेहमी लावा. आणि हे लक्षात ठेवा की जवळ-अतिनील शोधक मार्च २०१८ मध्ये बंद झाला. त्यानंतरच्या यूव्हीआयटी डेटात फक्त दूर-अतिनील आहे. रंग मोजायचा बेत असेल तर २०१८ च्या आधीचीच निरीक्षणं निवडा.

यूव्हीओटीचे दोन दोष माहीत असायलाच हवेत. पहिला, शोधकावर काही छोटे डाग आहेत, जिथे अतिनील संवेदनशीलता कमी आहे. उपग्रह दरवेळी स्रोताला अगदी त्याच पिक्सेलवर आणत नाही. त्यामुळे होतं असं: यूव्हीडब्ल्यू२ या अतिनील फिल्टरचा प्रकाशवक्र छान चालला आहे, मध्येच एक बिंदू दहा-पंधरा टक्क्यांनी खाली कोसळतो आणि पुढच्या निरीक्षणात पुन्हा जागेवर येतो. दृश्य पट्ट्यात मात्र काही हललेलं नसतं. हे ‘ग्रहण’ नव्हे. त्या बिंदूचे शोधकावरचे निर्देशांक काढा आणि असे सगळे घसरलेले बिंदू एका आकृतीवर मांडा. ते दोन-चार ठिकाणी गोळा झालेले दिसले की निकाल लागला. एनजीसी ५५४८ या दीर्घिकेच्या २०१४ च्या मोठ्या मोहिमेत हे खड्डे असेच उघडे पडले, आणि आता डागांची यादी मोजणीच्या प्रोग्रॅमला देऊन असे बिंदू आपोआप गाळता येतात.

दुसरा दोष ताऱ्यांसाठी घातक आहे. यूव्हीडब्ल्यू१ आणि यूव्हीडब्ल्यू२ या फिल्टरांतून थोडा लांब तरंगलांबीचा प्रकाशही झिरपतो. दीर्घिकेच्या निळ्या केंद्राला त्याने फारसं बिघडत नाही. पण लाल बटूचा अतिनील प्रकाश इतका कमी असतो की ‘अतिनील’ म्हणून मोजलेल्या फोटॉनांत मोठा वाटा दृश्य प्रकाशाचा निघतो. अशा ताऱ्यांसाठी यूव्हीएम२ घ्या, त्यात ही गळती जवळजवळ नाही. यूव्हीआयटीचा दूर-अतिनील शोधक सीझियम आयोडाइडचा असल्याने दृश्य प्रकाशाला जवळपास आंधळा आहे, थंड ताऱ्यांच्या फ्लेअरसाठी तो उत्तमच.

क्ष-किरणांकडे वळू. एक्सआरटीचा फोटॉन-मोजणी प्रकार अडीच सेकंदांनी एक चौकट वाचतो. सेकंदाला ०.५ हून जास्त फोटॉन येऊ लागले की दोन फोटॉनांची ऊर्जा मिळून एक गणली जाते: मोजणी कमी दिसते आणि वर्णपट खोटाच कठीण (जास्त ऊर्जेचा) होतो. फ्लेअरमध्ये हे हमखास घडतं, नेमक्या शिखरावर. उपाय ठरलेला आहे: मधला भाग सोडून भोवतालच्या वलयातून मोजा आणि किती प्रकाश सोडला त्याची दुरुस्ती करा. मंद स्रोतासाठी २० पिक्सेल म्हणजे ४७ विकलांचं वर्तुळ ठीक असतं. याखेरीज मे २००५ मध्ये एका सूक्ष्म उल्केच्या धक्क्याने एक्सआरटीच्या सीसीडीतले (प्रतिमा टिपणाऱ्या चिपमधले) काही स्तंभ निकामी झाले. स्रोताचा मध्य अशा स्तंभावर आला की मोजणी निम्म्यावर येऊ शकते. एक्स्पोजर नकाशा (कोणत्या पिक्सेलने किती वेळ मोजलं ते सांगणारा) वापरून दुरुस्ती न केलेला एक्सआरटी प्रकाशवक्र पाहण्यातही वेळ घालवू नये.

तेजस्वी ताऱ्यांत आणखी एक सापळा आहे. दृश्य प्रकाशाचे असंख्य फोटॉन सीसीडीत मिळून एखाद्या मऊ (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणाची नक्कल करतात. सात-आठ प्रतीच्या ताऱ्याभोवती ०.५ केईव्हीच्या खाली अचानक भरपूर ‘क्ष-किरण’ दिसले तर आधी हा संशय घ्या.

एसएक्सटीमध्ये प्रत्येक कक्षेची घटना-फाइल वेगळी येते आणि त्यांत काही क्षण दोनदा नोंदलेले असतात. त्या एकत्र जोडणारं साधन वापरून दुहेरी नोंदी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. पार्श्वभूमी त्याच प्रतिमेच्या कोपऱ्यातून घेण्याचा मोह टाळा. स्रोताचा पसरलेला प्रकाश तिथेही पोहोचलेला असतो, त्यामुळे तुम्ही स्रोतातूनच स्रोत वजा करता. उपकरण-गटाने मोकळ्या आकाशाच्या दीर्घ निरीक्षणांतून बनवलेला पार्श्वभूमीचा वर्णपट द्या. वर्णपट बसवताना ऊर्जामापात ०.०२ ते ०.०३ केईव्हीचं सरकणं सोडवून घ्यावं लागतं, नाहीतर २ केईव्हीजवळच्या, उपकरणातल्या सिलिकॉन आणि सोन्याच्या कडांपाशी (जिथे शोषण अचानक बदलतं) खोट्या रेषा दिसतात आणि हौशी माणूस त्यांना दीर्घिकेतल्या मूलद्रव्यांची नावं देऊन बसतो. लॅक्सपीसीचं इथे थोडक्यात सांगतो: सक्रिय दीर्घिकांपैकी थोड्याच तिच्यासाठी पुरेशा तेजस्वी आहेत, एक अंशाच्या दृश्यक्षेत्रामुळे पार्श्वभूमी वरचढ ठरते, आणि २०१८ नंतर तीनपैकी एकाच संचावर विसंबता येतं. पहिल्या प्रकल्पात ती बाजूला ठेवा.

प्रवाह काढला की धुळीचा हिशोब येतो. आपल्याच आकाशगंगेतली धूळ ०.०५ इतकी लाली देत असेल (निळ्या आणि दृश्य पट्ट्यांच्या प्रतींतला फरक), तर दूर-अतिनीलमध्ये सुमारे ०.४ प्रत, म्हणजे जवळपास दीडपट प्रकाशाची चूक होते. त्याच दिशेतला वायू ०.५ केईव्हीचे क्ष-किरण पंचमांशाने कमी करतो. दोन्ही दुरुस्त्या एकाच गृहीतकावर करा. धुळीचा नकाशा एक सांगतो आणि क्ष-किरण वर्णपटातून भलतीच हायड्रोजन घनता निघते, असं झालं तर जास्तीचं शोषण स्रोताच्या आत आहे, आणि तोच कदाचित तुमचा निष्कर्ष ठरेल. २५०० अँगस्ट्रॉम आणि २ केईव्ही या दोन बिंदूंमधला उतार काढताना (गुणोत्तराच्या दशमान लॉगरिदमला ०.३८४ ने गुणून) यजमान दीर्घिकेच्या ताऱ्यांचा प्रकाश अतिनीलमधून वजा केला नसेल तर मंद केंद्रांना उगीचच ‘क्ष-किरणांत दुबळं’ ठरवलं जातं.

चढउतार मोजायला सर्वांत साधं माप असं: प्रकाशवक्राच्या विचरणातून (सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या सरासरीतून) मोजमापाच्या त्रुटींचं सरासरी विचरण वजा करा, सरासरीच्या वर्गाने भागा, वर्गमूळ घ्या. वजाबाकी ऋण आली तर ‘चढउतार नाही’ असं लिहू नका, ‘या मोजमापाच्या अचूकतेला दिसला नाही’ असं लिहा आणि मर्यादा द्या. एका खणात वीसहून कमी फोटॉन असतील तर नेहमीची वर्गबेरीज सोडा, पॉयसन गणितावर आधारलेलं कॅश मोजमाप वापरा. शून्य फोटॉन हेही मोजमापच आहे. १००० सेकंदांत पार्श्वभूमीविना एकही फोटॉन आला नाही, तर ९५ टक्के खात्रीने खरी सरासरी ३ हून कमी, म्हणजे दर सेकंदाला ०.००३. अशा मर्यादा यादीत ठेवल्या नाहीत तर नमुन्यात फक्त उद्रेकात असलेले तारे उरतात आणि सगळा वर्गच प्रत्यक्षाहून जास्त चंचल वाटतो.

आवर्तनांबद्दल फार सांभाळून राहा. स्विफ्ट साधारण ९६ मिनिटांत आणि ॲस्ट्रोसॅट ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो. पृथ्वी मध्ये येते, दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या पट्ट्यात शोधक बंद ठेवावे लागतात, आणि यूव्हीआयटी तर फक्त कक्षेच्या रात्रीच्या भागात, जेमतेम अर्धा तास चालते. म्हणून ९६-९८ मिनिटं, त्यांचे अर्धे आणि दुप्पट, आणि एक दिवस, हे आवर्तनकाळ सापडले तर आधी निरीक्षणाच्या वेळांचाच आवर्त-आलेख (कोणत्या आवर्तनकाळाला किती बळ आहे ते दाखवणारा) काढा. तिथेही तीच शिखरं दिसतील. एएम हर्क्युलिससारख्या ३.०९ तासांच्या ताऱ्याचं आवर्तन दुप्पट कक्षेच्या, ३.२ तासांच्या, खोट्या शिखराच्या अगदी जवळ येतं. एकाच दिवसाच्या निरीक्षणात ही दोन वेगळी करणं अवघड जातं, काही दिवस लागतात. तुलना करण्याआधी सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्रावर नेऊन ठेवा, नाहीतर वर्षभरात आठ मिनिटांपर्यंत पुढेमागे होतात.

दीर्घिकांच्या बाबतीत खोटी आवर्तनं जास्त फसवी असतात. त्यांचे चढउतार यादृच्छिक असतात आणि काळ जितका लांब तितके मोठे. अशा वक्रात दोन-तीन सुबक लाटा आपोआप उमटतात. पाचेक आवर्तनं पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच सांख्यिकीचे हजारभर कृत्रिम वक्र तुमच्याच निरीक्षणवेळांवर तयार करून त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय ‘जुळं कृष्णविवर’ हा शब्द कागदावर आणू नये.

क्ष-किरण आणि अतिनील यांच्यातल्या विलंबाचं काम मात्र मनापासून करण्यासारखं आहे. करोनाचा प्रकाश चकतीवर पडतो आणि चकती तो थोड्या उशिराने परत देते, असं मानलं तर विलंब तरंगलांबीच्या चार-तृतीयांश घाताने वाढायला हवा. एनजीसी ५५४८ मध्ये अतिनील आणि दृश्य यांच्यातला विलंब याच चालीने वाढतो, पण चकती अपेक्षेच्या सुमारे तिप्पट मोठी निघते. यू पट्ट्यात विलंब या अपेक्षित रेषेच्या वर उडी मारतो, कारण तिथे दूरच्या वायूचा प्रकाशही मिसळतो. आणि क्ष-किरण व अतिनील यांचं नातं अतिनील-दृश्य नात्यापेक्षा बरंच सैल आहे. हे काम करायचं असेल तर निरीक्षणांमधलं अंतर अपेक्षित विलंबापेक्षा लहान हवं. विलंब एक-दोन दिवसांचा असेल तर आठवड्यातून एकदा घेतलेल्या बिंदूंतून तो कोणतंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही. सॉफ्टवेअर आकडा देईल, तो तुमच्या निरीक्षणांच्या अंतराचा असेल.

दोन उदाहरणं अभ्यासाला घ्या, एक दीर्घिका आणि एक तारा. १ईएस १९२७+६५४ या जवळच्या दीर्घिकेचा दृश्य-अतिनील प्रकाश डिसेंबर २०१७ मध्ये एकदम वाढला. काही महिन्यांनी, २०१८ मध्ये, २ केईव्हीच्या वरचे क्ष-किरण जवळजवळ नाहीसे झाले, म्हणजे करोनाच उद्ध्वस्त झाला, आणि पुढे तो पुन्हा उभा राहून आधीपेक्षाही तेजस्वी झाला. एसएस सिग्नी या श्वेतबटूच्या जोडताऱ्यात साधारण दीड-दोन महिन्यांनी उद्रेक होतो. उद्रेकाची लाट चकतीतून आत पोहोचायला दृश्य वाढीनंतर सुमारे एक दिवस जातो, तेव्हा कठीण क्ष-किरण आधी वाढतात, मग अचानक दबतात आणि त्यांची जागा अतिशय मऊ किरण घेतात. वस्तुमानांत प्रचंड फरक असलेल्या या दोन ठिकाणी अतिनील वर आणि कठीण क्ष-किरण खाली, हीच उलटी चाल दिसते. कारणं वेगळी आहेत, पण एकाच प्रकाशात पाहणाऱ्याला दोन्हींपैकी काहीच कळलं नसतं. दोघांचाही स्विफ्टचा डेटा खुला आहे आणि एसएस सिग्नीचं दृश्य तेज हौशी निरीक्षकांनी १८९६ पासून नोंदलेलं आहे, त्यामुळे तुमचं मोजमाप पडताळायला भरपूर आधार मिळतो.

नवीन उद्रेकावर काम करायचं ठरलं तर जमिनीवरची जोड हवी. लडाखमधल्या हान्ले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशाच क्षणिक घटनांच्या मागावर असते. स्विफ्टची निरीक्षणं चालू असतील तेव्हा त्याला निरीक्षणाची विनंती कोणालाही करता येते, त्यात हव्या त्या फिल्टरचं नाव आणि क्ष-किरण प्रकार स्पष्ट लिहावा लागतो: फ्लेअर ताऱ्यासाठी यूव्हीएम२, अपेक्षित मोजणी सेकंदाला अर्ध्याहून जास्त असेल तर जलद वाचनाचा प्रकार. विनंतीसोबत अपेक्षित मोजणीचा हिशोब जोडा. एक्सआरटीत सेकंदाला एक फोटॉन म्हणजे सक्रिय दीर्घिकेसाठी साधारण दहाचा उणे ११वा घात गुणिले ४ अर्ग प्रति चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद, एवढ्यावरून किती सेकंद मागायचे ते ठरवता येतं.